वीज आणि पाणी एकदम बंद पडलें असतां घरची तजवीज

शेतकऱ्याच्या घरीं वर्षाचा दाणा भरलेला असतो, गुरांची वैरण रचलेली असते, जळण कोरडें करून ठेवलेलें असतें. अशा घरास आठ-दहा दिवस वीज नसली म्हणून काय अडणार आहे, असें आम्हांस पुष्कळ वर्षें वाटत असे. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत ही समजूत साफ खोटी ठरली. घराच्या चारी बाजूंस पाणी आणि घरांत पिण्यास घोटभर नाहीं, ही स्थिति आम्ही स्वतः भोगली. तो अनुभव, त्यानंतर सन २०२१ च्या जुलैंतील पुरापूर्वी केलेली तयारी, व त्या तयारींतही राहून गेलेल्या चुका वाचकांपुढें मांडाव्या या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमचें गांव शिरोळ तालुक्यांत, नदीकांठचें. कृष्णा व पंचगंगा यांचा संगम नृसिंहवाडीस होतो, त्यामुळें आमच्याकडे येणारें पुराचें पाणी एकाच नदीचें क्वचितच असतें. एक चढली म्हणजे दुसरीस तुंब बसते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथें ३९ फूट ही इशाऱ्याची व ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. सांगलीस आयर्विन पुलापाशीं ४० फुटांवर इशारा व ४५ फुटांवर धोका. तेथें कृष्णा ५७ फुटांवर चढली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखालीं जाऊन अनेक दिवस बंद होता, म्हणजे बाहेरून भाजी, पेट्रोल, गॅस येण्याची वाटच राहिली नाहीं.

त्या वेळीं आम्ही महसूल खात्यांत कारकून होतों. कचेरींतून गांवोगांव ज्या सूचना गेल्या त्यांत ‘पिण्याच्या पाण्याचा सांठा करून ठेवावा’ हें वाक्य आमच्याच हातचें होतें. त्याच दिवशीं सकाळीं निघतांना मंडळींनीं बजावलें कीं, माडीवरची टांकी निम्मी झाली आहे, मोटर लावून मगच जावें. आम्ही म्हटलें, संध्याकाळीं आलों म्हणजे लावूं. दुपारीं चारच्या सुमारास आमच्या भागाचा फीडर बंद झाला तो पुढें अकरा दिवस सुरू झाला नाहीं. यांत वीज कंपनीचा दोष नव्हता. डबीं व उपकेंद्रें पाण्यांत जाऊं लागलीं म्हणजे वीज मुद्दाम तोडावीच लागते, नाहीं तर माणसें मरतात. दोष सकाळचें काम संध्याकाळवर टाकणाऱ्याचा.

टांकींतलें निम्में पाणी आठ माणसांनीं दोन दिवसांत संपविलें, कारण पहिला दिवस आम्ही नळ सोडून नेहमींसारखा वापर केला. तिसऱ्या दिवशीं मागल्या दारच्या आडाचें पाणी, वरून निवळ दिसतें म्हणून, फडक्यानें गाळून प्यालों. पुराचें पाणी जमिनींतून आडांत केव्हांच उतरलें होतें. पांचव्या दिवशीं आमच्या मातोश्रींस, ज्यांचें वय तेव्हां एक्याऐंशीं होतें, जुलाब सुरू झाले आणि रात्रीपर्यंत त्यांस उठवेना. नावेंतून नेऊन छावणींतील डॉक्टरांच्या स्वाधीन केल्यावर त्या वांचल्या. नावेंत त्यांनीं आम्हांस एवढेंच विचारलें, “आरं, आड घरचा, नदी दारांत, मग मला पाणी कशाचं बाधलं?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

तें उत्तर पुढें हिशेब मांडीत बसल्यावर सुचलें. पूर्वी दिवा आणि पाणी हे दोन निराळे विषय होते. दिवा गेला तर अंधार होई, पण आडावरचा रहाट फिरत असे. आड आटला तर कंदील विझत नसे. आतां नळयोजना, बोअर, माडीवरची टांकी, पाणी शुद्ध करण्याचें यंत्र, पिठाची गिरणी, दुधाचें संकलन, मोबाईल, बँकेचें यंत्र हीं सर्व एकाच तारेवर टांगलेलीं आहेत. ती तार तुटली कीं घर एकदम दहा ठिकाणीं अडतें. पूर असलाच पाहिजे असेंही नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. विजेचे खांब मोडून पडले आणि रायगड-रत्नागिरीकडील कित्येक गांवीं वीज परत येण्यास आठवडे लागले. तितके दिवस पंपावर चालणाऱ्या नळासही पाणी नव्हतें. उलट सन २०१६ च्या एप्रिलांत आमच्या शेजारच्या मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी पाठविलें गेलें. ज्या कृष्णाकांठानें तेव्हां परक्या जिल्ह्याची तहान भागविली, तोच कांठ तीन वर्षांनीं पाण्यांत बुडून तहानेला झाला. सबब, दुष्काळी भागांतील वाचकांनींही हा लेख आपल्यासाठीं नाहीं असें समजूं नये.

प्रथम पाण्याचा हिशेब. हा कागदावर मांडल्याखेरीज खरा वाटत नाहीं. पिण्यास व स्वयंपाकास मिळून माणशीं रोज पांच लिटर पाणी निदान लागतेंच. हातपाय, भांडीं व शौच यांचें अगदीं काटकसरीचें मान धरलें तर एकूण १५ लिटर. म्हणजे आठ माणसांच्या घरास रोज १२० लिटर, त्यांपैकीं ४० लिटर पिण्याच्या प्रतीचें. आतां गोठा पाहा. दुभती म्हैस उन्हाळ्यांत रोज सत्तर-ऐंशीं लिटर पाणी पिते. पावसाळ्यांत ओला चारा असतां पन्नास धरावे. दोन म्हशी, एक गाय व एक रेडी यांचे मिळून पावणेदोनशें लिटर होतात. माणसांपेक्षां गोठा अधिक पितो ही गोष्ट आमच्या यादींत प्रथम आलीच नव्हती. सात दिवसांचे दोन हजारांवर लिटर झाले. इतकें सर्व पाणी झांकून ठेवणें बहुतेक घरांस अशक्य आहे, आणि त्याची गरजही नाहीं. पिण्याचें सात दिवसांचें २८० लिटर मात्र वेगळें, झांकलेलें व तोटी लावलेलें असावें. त्यास दुसऱ्या कामासाठीं कोणी हात लावूं नये. बाकीच्याची सोय पाऊस करतो.

छपराच्या पाण्याकडे आपल्याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. साठ चौरस मीटरचें पत्र्याचें छप्पर असेल आणि दिवसांत वीस मिलिमीटर पाऊस झाला तर बाराशें लिटर. सांडलवंड वजा जातां साडेनऊशें लिटर तरी हातीं यावें. गोठ्याचे पांच दिवस भागले. आम्ही सन २०२० च्या उन्हाळ्यांत पन्हळ लावून तिचें तोंड दोन मोठ्या पिंपांत सोडलें. पहिल्या सरीचें पाणी पक्ष्यांच्या घाणीचें व धुळीचें असतें, तें वाहूं द्यावें. पुराचें पाणी मात्र जनावरांसही पाजूं नये. त्यांत मेलेलीं जनावरें, उंदरांचें मूत्र, सर्व कांहीं असतें. हें पाणी माणसानें उकळून प्यावें असेंही कोणी सुचवील, तर तें मानूं नये. उसाच्या पट्ट्यांतील पुरांत खतें, फवारणीचीं औषधें, डिझेल हीं मिसळलेलीं असतात. उकळीनें जंतु मरतात, हीं द्रव्यें जात नाहींत. त्याच कारणास्तव फवारणीच्या औषधाचें रिकामें पिंप, कितीही वेळां धुतलें तरी, पिण्याच्या पाण्यास कधींही वापरूं नये.

सन २०२१ च्या जुलैंत पातळी इशाऱ्याच्या खुणेवर येतांच आम्ही सर्व भांडीं भरलीं, आणि आतां कसें निश्चिंत असें म्हणून बसलों. पांचव्या दिवशीं पिंपांत वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. पिंपांवर नुसतें सैल फडकें टाकलें होतें. डांस आंत जाण्यास तेवढी फट पुरते. डेंग्यूचा डांस असल्या स्वच्छ सांठविलेल्या पाण्यांतच वाढतो. हल्लीं आम्ही तोंडास जुन्या धोतराचें दुहेरी फडकें सुतळीनें आवळून बांधतों व वर झांकण ठेवतों, आणि एरवीं आठवड्यांतून एक दिवस पिंप घासून कोरडें करतों.

शुद्धीकरणाविषयीं थोडें सविस्तर लिहिणें अवश्य आहे, कारण येथेंच आम्ही फसलों होतों. पाणी गढूळ असेल तर आधीं तुरटी फिरवून निवळूं द्यावें व वरचें पाणी हलकेंच काढून घ्यावें. गढूळ पाण्यांत क्लोरीनचा पुरा गुण येत नाहीं. जळण भरपूर असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तशीच चालूं ठेवावी आणि त्याच भांड्यांत झांकून निवूं द्यावें. जळण कमी असेल तर क्लोरीनच्या गोळ्या बऱ्या. सर्व गोळ्या एका मापाच्या नसतात. एक गोळी किती लिटरांस हें वेष्टनावर छापलेलें असतें तें चष्मा लावून वाचावें, व गोळी टाकल्यावर निदान अर्धा तास पाणी प्यावयास घेऊं नये. कोणास जुलाब झालेच तर शुद्ध केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडथोडें पाजीत राहावें आणि डॉक्टर गांठावा. ही गोष्ट आम्हांस तेव्हां ठाऊक होती, पण साखरेचा डबा खालच्या खोलींत बुडालेला होता.

विहिरीस टी.सी.एल. पावडर घालण्याचें काम ग्रामपंचायत करते, तरी घरच्या आडाचा हिशेब घरच्यानेंच करावा. व्यासाचा वर्ग करून त्यास पाण्याच्या खोलीनें गुणावें, पुन्हां ३.१४ नें गुणून चारनें भागावें. मापें मीटरांत असलीं तर येणारा आंकडा हजार लिटरांचा समजावा. तीन मीटर व्यासाच्या आडांत चार मीटर पाणी असेल तर सुमारें २८ हजार लिटर झाले. चांगल्या प्रतीची पावडर हजार लिटरांस अडीच ग्रॅम, म्हणजे या आडास सत्तर ग्रॅम. साथीच्या दिवसांत याच्या दुप्पट. पावडर बादलींत कालवून खालीं चुना बसूं द्यावा, वरचें पाणी आडांत सोडावें व पोहऱ्यानें ढवळावें. डबा उघडा राहिला कीं पावडरीचा कस उडतो. वर्षापूर्वीच्या ओलसर पावडरीवर भरंवसा ठेवूं नये. पुराचें पाणी ज्या आडांत शिरलें त्यास मात्र एवढ्यानें भागत नाहीं. तो पूर्ण उपसावा, गाळ काढावा, कडा धुवाव्या, नव्या पाण्यांत पावडर सोडून एक दिवस तसाच राखावा, आणि आरोग्य केंद्राकडून पाणी तपासून घेतल्यावरच पिण्यास घ्यावा.

आतां पिठाची गोष्ट. २०१९ सालीं आमच्या माडीवर शाळूचीं पांच पोतीं कोरडीं होतीं, आणि घरांत भाकरी नव्हती! गिरणी विजेवरची. डब्यांतलें पीठ चार दिवसांत सरलें. पुढें भात, आणि तांदूळ सरत आले तेव्हां शाळूच्या घुगऱ्या. जातें आमच्या घरीं होतें, पण तें अंगणांत तुळशीजवळ शोभेस मांडलेलें, आणि दगड इतके गुळगुळीत झालेले कीं दाणा भरडूनच बाहेर येई. पुढील वर्षीं पाथरवटाकडून त्यास टांकी लावून घेतली, खुंटा नवा बसविला. दळण्याची रीत घरांत एकट्या मातोश्रींस येत होती. त्यांनीं ती सुनेस व नातीस शिकविली. सन २०२१ मध्यें रोज सकाळीं दोघींनीं मिळून दळलें तरी आठ माणसांपुरतें पीठ निघण्यास घामाघूम होत असे, हें खोटें कशाला सांगावें? ज्यांस हें जमणार नाहीं त्यांनीं पावसाळ्याच्या तोंडावर पोहे, चुरमुरे, डाळें, गूळ, कडक भाकरी, सातूचें पीठ यांचा सांठा करावा. गॅसची टांकी एक भरलेली जादा असावी. शेणी व कोरडें जळण माळ्यावर चढवावें. खालच्या खोलींतलें जळण पहिल्याच दिवशीं भिजतें.

दिव्याचें काम त्या मानानें सोपें आहे. रॉकेल आतां पूर्वीसारखें मिळत नाहीं, तेव्हां कंदिलावर विसंबूं नये. इनव्हर्टरच्या १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदावर १८०० वॅट-तास असतात. ती पुरी रिती करणें बरें नव्हे व यंत्रही आपला वांटा खातें, म्हणून हातीं १२०० धरावे. नऊ वॅटचे तीन एल.ई.डी. दिवे रोज पांच तास लावले तर १३५ खर्ची पडतात, दोन मोबाईलांचे ३० धरूं. या बेतानें बॅटरी सात दिवस पुरते. एकच पंखा रात्रभर लावला तर त्याचे साडेपांचशें होतात आणि दोन रात्रींत सर्व आटोपतें. इनव्हर्टर नुसता चालूं ठेवला तरी वीज पितो, यास्तव काम नसतां त्याचें बटण बंद ठेवावें. बॅटरी जिन्याखालीं ठेवण्याची चाल आहे. नदीकांठीं ती वरच्या मजल्यावर, वारा खेळेल अशा जागीं न्यावी. शिवाय सेलवरचा टॉर्च व लहान रेडिओ असावाच. मोबाईलला रेंज नसली तरी रेडिओ बोलत असतो.

सौर विजेविषयीं एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. अलीकडे सरकारी साहाय्यानें घरांवर सौर पट्ट्या बसविल्या जात आहेत, आणि आतां आपणांस अंधार नाहीं अशी मालकांची समजूत असते. बहुतेक यंत्रें वीज कंपनीच्या तारेशीं जोडलेलीं असतात, आणि तारेंतली वीज गेली कीं तीं आपोआप बंद पडतात. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनचा जीव जाऊं नये म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. बॅटरी व तिला लागणारा इनव्हर्टर वेगळा घेतल्याशिवाय भर उन्हांतही घरांत दिवा लागणार नाहीं. घेणाऱ्यानें हें अगोदर विचारावें. शेतावरचा सौर पंप तारेशीं जोडलेला नसेल तर तो चालतो, आणि वादळानंतर किंवा टंचाईंत वाडीस पाणी पुरवूं शकतो. ढगाळ दिवसांत मात्र त्याचा जोर पुष्कळ कमी होतो. जनरेटर घेणाऱ्यांनीं तो घरांत, बंद पडवींत किंवा खिडकीखालीं चालवूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो. निजलेलीं माणसें उठत नाहींत. घरच्या तारांना तो जोडणें असेल तर वायरमनकडून बदल-स्विच बसवून घ्यावा, नाहीं तर आपली वीज उलट खांबावर जाऊन दुसऱ्याचा बळी घेते. पाणी उंबऱ्याशीं येण्यापूर्वी मेन स्विच पाडावा. ओसरल्यावर भिंती व मोटर वाळून वायरमननें तपासल्याखेरीज तो वर करूं नये. पूर ओसरल्यावर आम्ही पंचनाम्यास फिरलों त्या घरांतून जळालेल्या मोटरी पुष्कळ पाहिल्या. पाण्यानें त्या बिघडल्या नव्हत्या, घाईनें बटण दाबल्यानें जळल्या होत्या.

गुरांविषयीं एकच सांगणें. तीं इशाऱ्याच्या पातळीवरच उंच जागीं हलवावीं. धोक्याची पातळी आल्यावर म्हैस पाण्यांतून ओढीत नेणें हें चार माणसांचें काम होतें. कानांतले बिल्ले शाबूत आहेत कीं नाहीं हें पाहून जनावरांचें छायाचित्र घेऊन ठेवावें, पुढें नुकसानीच्या कागदास तें उपयोगी पडतें. संकलन बंद झालेलें दूध ओतून देण्यापेक्षां विरजून लोणी काढावें व तूप कढवावें. सातबारा, पासबुक, आधार हे कागद मेणकापडांत. सुट्या नोटा पांच-सात हजारांच्या घरांत असाव्या, कारण मोबाईलवरून पैसे देण्याची सोय मोबाईलबरोबरच मरते. नेहमींचीं औषधें पंधरा दिवसांचीं. मधुमेहाचें इन्सुलिन ज्यांच्या घरीं लागतें त्यांनीं शीतपेटी बंद असतां तें किती दिवस व कसें टिकवावें हें आपल्या डॉक्टरांस आतांच विचारून ठेवावें.

हीं सर्व कामें आमच्या घरीं रोहिणी नक्षत्राच्या पंधरवड्यांत होतात. पिंपें उन्हांत घालणें, पन्हळीचा पाला काढणें, बॅटरींत पाणी घालणें, क्लोरीनच्या गोळ्यांची मुदत पाहून जुन्या टाकून देणें, जात्यावर एक दिवस मुद्दाम दळून पाहणें. माडीवरची टांकी मात्र जूनपासून सप्टेंबरअखेर रोज सकाळीं, चहाच्या आधीं भरली जाते. ती किल्ली मंडळींनीं आमच्याकडून काढून घेतली आहे.